डोकं न्हाई, एवढंच न्हवं?

प्रमोदिनीबाईंच्या तोंडाला लागायची कराडात कुणाची छाती नव्हती. भाजीवाली असो, एस्टीचा कंडक्टर असो, की सुनेला इस्पितळात सोडताना ‘पोरगाच घिऊन यायचा बग’ म्हणून दम भरणारी सासू असो, बाईंनी एकदा पदर खोचला की समोरच्यानं गुपचूप काढता पाय घ्यावा. अंगानं काटकुळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि जिभेला हाड तर नव्हतंच, लगामही नव्हता. चिंतामण डॉक्टरांच्या बाळंतपणाच्या इस्पितळात त्या मोठ्या सिस्टर. डॉक्टर नावाला मालक, इस्पितळ चालायचं बाईंच्या आवाजावर.

कपाळावर कुंकू होतं, घरात नवरा नव्हता. म्हणजे होता, पण बडोद्याला. सांगलीत बाईंचं सासर. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर तो नोकरीला म्हणून गेला आणि तिकडं दुसरा संसार थाटून बसला. सगळ्या गल्लीला ठाऊक, सासूला ठाऊक, दूध घालणाऱ्याला ठाऊक. हिला मात्र जो तो ‘येईल गं, कामाचा माणूस, रजा मिळत नसेल’ असं गोड बोलून वाटेला लावायचा. दर दिवाळीला ही बाई त्याच्या वाट्याचे लाडू वेगळ्या डब्यात काढून ठेवत होती, आता बोला! शेवटी नळावर भांडण झालं, तेव्हा एक बाई तोंडावर म्हणाली, “आधी आपला नवरा सांभाळ, मग नळाचा नंबर सांग.” घाव वर्मी बसला. पण पुढं जन्मभर प्रमोदिनीबाई म्हणायच्या, “त्या भांडखोर बाईनं माझं कल्याण केलं. माझी उमेदीची वर्षं खाल्ली ती गोड बोलणाऱ्यांनी.” नर्सिंग शिकून त्या कराडला आल्या त्या एवढंच ठरवून, की जे असेल ते माणसाच्या तोंडावर सांगायचं आणि साध्या मराठीत सांगायचं.

आणि नेमकं तेच काम त्यांच्या गळ्यात पडलं. चिंतामण डॉक्टर वाईचे. हुशार, हाताला यश, पण वाईट बातमी सांगायची म्हटली की गडी पार गळाठायचा. चष्मा पुसायचा, दोन वाक्यं इंग्रजीत बोलायचा आणि हात धुवायला निघून जायचा, तो अर्धा तास हातच धूत बसायचा. मागं उरलेले नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहायचे. मग बाई यायच्या. दोघांना बाकावर शेजारी बसवायच्या, चहा मागवायच्या आणि सांगायच्या. मूल पोटातच गेलंय हे सांगायचं, पाय वाकडे आहेत हे सांगायचं, पुन्हा दिवस राहू देऊ नकोस, जिवावर बेतेल, हेही सांगायचं. मेढ्याकडची एक बाई तर ऐकून बाईंच्या अंगावर धावून आली होती. बाईंनी दोन फटके खाल्ले आणि तिसऱ्याला तिला पोटाशी धरलं. घरी जाऊन रडायच्या त्या, नाही असं नाही. पण सांगताना आवाज कापू द्यायच्या नाहीत.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. उंब्रजच्या पुढं डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावची शालू तपासायला आली. नवरा सयाजी पलटणीत नाईक, तेव्हा रजेवर आलेला. लग्नाला सहा वर्षं झालेली, आणि एवढ्या वर्षांत दोघं मिळून राहिली असतील ती रजेपुरती. हे पहिलंच. आठवा लागलेला, पण पोट नऊ महिन्यांच्यापेक्षा मोठं, बसलं तरी दम लागायचा. डॉक्टरांनी पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं. बाळाचं डोकं जिथं हाताला लागायचं तिथं लागेना. मग त्यांनी पोटाचा फोटो काढायला पाठवलं. शालूनं बाईंना हळूच विचारलं, “फोटूत त्वांड दिसतंय व्हय वो? कुणावाणी हाय ते कळंल?”

फोटो आला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बाईंकडं दिला. पाठीचा कणा होता, बरगड्या होत्या, दुमडलेले पाय होते. मानेच्या वर जी गोल कवटी दिसायला हवी ती नव्हती. पोटात आहे तोवर ते बाळ जगणार होतं, हलणार होतं, आणि बाहेर आलं की घटका दोन घटका. यावर दुनियेत औषध नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, “अनफॉर्च्युनेटली...” एवढंच म्हणाले आणि बेसिनकडं गेले.

बाईंनी दोघांना बाकावर बसवलं. शालूचा हात हातात घेतला. आढेवेढे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“शालू, सयाजीराव, मी सरळ सांगते. फोटोत दिसतंय की बाळाला डोकं नाही.”

शालूचा हात घट्ट झाला. तेवढ्यात आतून हाक आली, “सिस्टर, लवकर या, हात आधी आलाय!” आत टेबलावर मलकापूरची एक बाई होती, तिचं मूल आडवं आलेलं. एका बाईचा जीव टांगणीला लागलेला असताना बसून राहता येत नाही. “हलू नका, आलेच मी,” म्हणून बाई धावल्या. दारातून आत शिरताना त्यांना मागं सयाजीचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, अगदी खदाखदा. दुःखानं असं हसणारी माणसं त्यांनी पाहिली होती. उंब्रजचा एक व्यापारी बायको गेल्याचं ऐकून असाच हसत सुटला होता.

आतलं सगळं आटोपून त्या बाहेर आल्या तेव्हा बाक रिकामं होतं. धाकटी नर्स म्हणाली, “गेले ते. एस्टी गाठायची म्हणाले. पुढच्या सोमवारी येतो म्हणाले. चांगले आनंदात होते की!”

“आनंदात कसले डोंबलाचे!” बाई तिच्यावर खेकसल्या. “माणसाचं काळीज फाटलं की त्याला रडायचं का हसायचं कळत नाही. शीक जरा.”

शिकायची पाळी बाईंचीच होती, पण ते कळायला शुक्रवार उजाडला. त्या दिवशी सयाजीचा चुलत भाऊ दादासो इस्पितळाच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला नवा पटका, तोंडभर हसू.

“शिस्टर, उद्या वैनीचं डोहाळजेवण हाय. नाईकांनी तुमास्नी आवतण धाडलंय. याच लागतंय म्हनाले.”

“डोहाळजेवण? अरे, त्यांना सांगितलंय ना मी?”

“व्हय की! समद्या गावाला ठावं हाय. पोरगं जरा बिनडोक हुनार.” दादासो आणखीच हसला. “नाईक म्हनाले, डोकं न्हाई, एवढंच न्हवं? आवं, आमच्या घरात कुनाला हाय? थोरल्या चुलत्याला कवा डोकं हुतं, तरी दोनदा सरपंच झाला! अन् पलटणीत डोकं चालिवलं तर सुभेदार शिव्या घालतोय. आदी लई घाबरलो हुतो म्हनाले, हात न्हाई म्हनत्यात का पाय न्हाई म्हनत्यात! बनुचुलतीनं, नाईकांच्या आईनं, तर देवाफुडं नारळ फोडला.”

आता बाईंना उलगडा झाला. अहो, मराठीत डोकं नाही म्हणजे काय होतं? मास्तर रोज दहा पोरांना म्हणतो. बायको नवऱ्याला म्हणते. बाई स्वतः त्या धाकट्या नर्सला दिवसातून चारदा म्हणत होत्या! साधी मराठी, साधी मराठी म्हणून जन्मभर टेंभा मिरवला, आणि त्या साध्या मराठीनंच अशी पाठीत लाथ घातली. डॉक्टर इंग्रजीत बोलले असते तर निदान त्या दोघांनी घाबरून काहीतरी विचारलं असतं.

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, मी जातो. मीच सांगायला हवं होतं.”

“तुम्ही काय सांगणार, कपाळ? जाल आणि त्यांच्या आडावर हात धूत बसाल.” बाई कडाडल्या. “माझ्या जिभेनं केलंय, मलाच निस्तरलं पाहिजे. ती पोरगी अशीच आनंदात इथं आली आणि टेबलावर पडून ‘कसं हाय माझं बाळ’ म्हणून तिनं मान उचलून बघितलं, तर काय होईल तिचं? आयुष्यभर सावरायची नाही ती.”

दुसऱ्या दिवशी त्या एस्टीनं उंब्रजला उतरल्या आणि पुढं दादासोच्या बैलगाडीत बसल्या. वाटभर डोळे मिटून बसल्या. दादासोला वाटलं, शहरातली बाई, हादऱ्यानं बेजार झाली.

सयाजीच्या घरापुढं मांडव होता. आत बायका खचाखच भरलेल्या, गाणी चाललेली. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, केसात फुलांची वाडी भरलेली शालू पाटावर बसली होती. मोठ्या पोटामुळं धाप लागत होती तरी लाजून हसत होती. बाईंना बघताच ती उठायला गेली. सासू बनुबाई पुढं आली, बाईंच्या हाताला धरून म्हणाली, “या या, शिस्टर! तुमीच राहिला हुता. सवाष्ण हायसा, आधी तुमी वटी भरा सुनंची.” आणि तिनं बाईंच्या हातात सूप दिलं. सुपात तांदूळ, नारळ, खण.

प्रमोदिनीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जगणार नाही त्या बाळाच्या नावानं ओटी भरायची? आणि नाही म्हणावं तर शंभर बायकांच्या देखत कारण सांगावं लागणार. गाणं म्हणणाऱ्या बायका त्यांच्याकडं बघत थांबल्या होत्या. बाई खाली बसल्या. शालूनं पदर पसरला. बाईंनी तांदूळ घातले, नारळ ठेवला. ओटी भरताना काही म्हणायचं असतं, तेवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही. शालूच्या कपाळाला कुंकू लावून त्या कानाशी वाकल्या, “शालू, जरा आत चल. तुझी नाडी बघायचीय.”

माजघरात शेंगांच्या पोत्यांजवळ दोघी बसल्या. दार लोटून घेतलं तरी बाहेरची गाणी ऐकू येतच होती.

“शालू, परवा मी चुकले. मी म्हणाले ते तुम्हाला कळलं नाही, आणि कळलं नाही हे मला कळलं नाही.” बाईंनी तिचा हात उचलून तिच्याच भुवईवर ठेवला. “हे बघ. इथपर्यंत बाळ आहे. डोळे आहेत, नाक आहे, तोंड आहे. इथून वर काही नाही. कवटीच धरली नाही गं. हुशार, बिनडोक, ते नव्हे. हाडामांसाचं डोकंच नाही.”

शालूचा हात भुवईवर तसाच होता. मग तो खाली पोटावर आला.

“पर हालतंय की वो. आत्ता बी हालतंय. बगा तुमी.”

“हलतंय. तुझ्या जिवावर जगतंय ते. बाहेर आलं की जगायचं नाही.”

“औषीद...”

“नाही, बाळ. कुठंच नाही. मुंबईला नाही, विलायतेत नाही. असतं तर मी तुला उचलून नेलं असतं.”

“मी काय केलं वो? गिराण हुतं तवा इळी हातात धरली हुती म्या. आत्याबाई नगं म्हनत हुत्या...”

“काही केलं नाहीस तू! गप!” बाई जोरात बोलल्या, मग त्यांनी आवाज खाली आणला. “विळीनं होत नाही, ग्रहणानं होत नाही. कुणी असं बोललं तर माझं नाव सांग, मी येऊन त्याचं थोबाड फोडते. तुझ्या हातून काही झालेलं नाही. दिवस राहिल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच हे होतं, तुला दिवस गेलेत हे नीट कळायच्याही आधी.”

शालू रडली नाही. धाप लागल्यासारखा श्वास घेत म्हणाली, “म्हंजे म्या सोडलं की ते मरनार.”

“हो.”

“मग सुटूच नगा दिऊ. ऱ्हाऊ दे की हितंच.”

इतक्या जणींना सांगितलं होतं बाईंनी, पण असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि आवाज कापू द्यायचा नाही हे पहिल्यांदाच त्यांना जमलं नाही. रडत रडतच त्यांनी पुढचं सांगितलं. पोटातलं पाणी फार वाढलंय, असंच वाढत राहिलं तर तुझ्या जिवाला धोका आहे. डॉक्टर कळा आणवू शकतात. आजच्या आज नको, पण फार थांबूही नको. कधी यायचं ते तू ठरव.

शालूनं पदराची ओटी घट्ट धरली होती. दोन तांदूळ खाली सांडले, ते तिनं वेचून परत पदरात टाकले.

“बाई, आज कुनाला सांगू नगा.”

“का गं?”

“गाऊ द्या त्यास्नी. ह्येच्यासाठी परत कोन गानार हाय? मोप गाऊ द्या.” डोळे पुसून ती भिंतीला धरून उठली. “ह्यास्नी तेवढं सांगा. माज्या त्वांडानं न्हाई जमायचं.”

आणि ती बाहेर जाऊन पाटावर बसली. बायकांनी पुढचं गाणं धरलं, थट्टा केली, पेढा की बर्फी म्हणून वाट्या उघडायला लावल्या. शालूनं वाटी उघडली. बर्फी निघाली, बायका ओरडल्या, “पोरगी गं, पोरगी!” शालू हसली. तिनं बर्फी खाल्लीसुद्धा. दारात उभ्या असलेल्या प्रमोदिनीबाईंना ते बघवेना. त्या परसात गेल्या.

सयाजी परसात चुलवणावरचं मोठं पातेलं उतरवत होता. बाईंना बघून त्यानं हसत सलाम ठोकला. बाईंनी त्याला गोठ्याच्या आडोशाला नेलं आणि या वेळी डोकं हा शब्द नुसता उच्चारला नाही, त्याच्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं. पलटणीत माणसं मरताना पाहिलेला गडी, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. तो गव्हाणीवर बसला. म्हशीनं त्याच्या खांद्याला तोंड लावलं तरी त्याला भान नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “म्या हासलो की वो.”

“तुला कळलं नव्हतं, बाबा. चूक माझी.”

“समद्या गावात सांगत हिंडलो. पारावर बसून सांगितलं, आमचं बिनडोक येतंय म्हनून. गडी बी हासले, म्या बी हासलो.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “माज्या लेकराला म्या हासलो, बाई.”

बाई त्याच्या शेजारी गव्हाणीवर बसल्या.

शालू पुढच्या गुरुवारी आली. आपल्या पायानं चालत आली, बरोबर सयाजी आणि बनुबाई. बनुबाईला आता ठाऊक होतं. देवाला दोन शिव्या घालून तिनं सुनेची बाजू धरली होती, आणि विळीचा शब्द काढणाऱ्या जावेला उंबऱ्याबाहेर घालवलं होतं. सकाळी कळा सुरू केल्या आणि दुपारी ऊन पायरीवर आलं होतं तेव्हा बाळ झालं. मुलगी. रडली नाही, पण छाती हलत होती.

बाईंनी तिला पुसलं. फडक्याची टोपी करून कपाळापर्यंत नीट बसवली आणि दुपट्यात गुंडाळली. आता जे दिसत होतं ते एक चिमुकलं तोंड होतं, जिवणी शालूसारखी. बाईंनी विचारलं, “बघतेस?”

“द्या,” शालू म्हणाली.

तिनं घेतलं. डॉक्टर आज हात धुवायला गेले नाहीत, कोपऱ्यात मान खाली घालून उभे राहिले. सयाजीला आत बोलावलं. तो दारातच थबकला, मग येऊन खाटेशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं आपलं एक बोट त्या मुठीत दिलं.

शालूनं टोपीची कड अलगद बाजूला केली.

“बाई, हिला कान हायती.”

“आहेत, बाळ.”

“मग नाव ठिवा की. आत्यानं ठिवायचं असतंय. ह्यास्नी भन न्हाई. तुमीच व्हा आत्या.”

तोंडाळ म्हणून सगळ्या कराडात गाजलेली बाई, पण तिनं “काय नाव?” एवढंच कसंबसं विचारलं.

“सगुणा. म्या त्याच दिशी ठरिवलं हुतं. बर्फी निगाली तवा.”

प्रमोदिनीबाई वाकल्या. बाळाच्या कानाला ओठ लावून त्यांनी हळूच कुर्र केलं आणि सांगितलं, “सगुणा. तुझं नाव सगुणा. तुझ्या आईचं नाव शालू, बापाचं नाव सयाजी.” पाळणा नव्हता, म्हणून शालूनंच मांडी हलवली. सयाजीनं बोट सोडवून घेतलं नाही. थोड्या वेळानं ती मूठच आपसूक सैल झाली.

बाहेर बनुबाई पायरीवर बसली होती. आत जायचा तिला धीर झाला नव्हता. पहिल्या दिवसापासून घरातली सगळी त्या बाळाला ‘त्ये’ म्हणत होती. त्ये कवा हुनार, त्ये जगनार न्हाई, त्येचं काय करायचं. सयाजी दुपट्यातलं ओझं छातीशी धरून बाहेर आला आणि आईपुढं उभा राहिला.

बनुबाईनं मान वर केली. “गेलं व्हय रं त्ये?”

“त्ये न्हवं, आये,” सयाजी म्हणाला. “सगुणा गेली.”